नरसम्मा आणि पिलं गिळणारा मासा

परवा मासळीबाजारात एका विक्रेत्यानं स्वस्त चिलापीचे तुकडे महागडा कटला मासा म्हणून माझ्यापुढे केले. मी म्हटलं, कटल्याचं डोकं दाखवा. त्यानं डोकं दाखवलं नाही, पण तागडी खाली ठेवून मला एकदा नीट बघून घेतलं. ही बाई यातली जाणकार दिसते, असं त्याला वाटलं असावं. जाणकार मी आहे थोडीफार. पण ते शिक्षण कुठं झालं हे त्याला कळणं शक्य नव्हतं. माशांच्या बाबतीत माझी शाळा म्हणजे सोलापूरच्या साखर पेठेतली आमची चाळ, आणि माझी शिक्षिका म्हणजे शेजारच्या खोलीत राहणारी, विड्या वळणारी नरसम्मा.

एकोणीसशे सत्तर साली मी सोलापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला आले. माझे यजमान कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होते. ते रविवारी पॅसेंजरनं यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. बाकीचे सहा दिवस मी एकटी. चाळीत दहा खोल्या होत्या. नऊ खोल्यांत तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं आणि दहाव्या खोलीत मी, बार्शीची. शेजारी चादरींचा कारखाना होता. मागांचा खडखडाट सकाळी सुरू व्हायचा आणि थांबला की कान बधिर झाल्यासारखे वाटायचे.

पहिल्याच आठवड्यात मी शाळेतून आले तर शेजारची बाई उंबऱ्यात बसून विड्या वळत होती. ठेंगणी, रुंद बांध्याची, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, कपाळावर मोठं कुंकू. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कात्रीनं कापलेली पानं. बोटं इतकी जलद चालत होती की विडी केव्हा वळली आणि दोरा केव्हा बांधला ते दिसत नव्हतं. आणि तिच्या मागं, भिंतीला टेकवून, एक लांब बांबूची काठी उभी होती. काठीच्या टोकाला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला, तंगुसाला पाण्यावर तरंगायला मोरपिसाच्या दांड्याचा तुकडा आणि खाली गळ.

मी विचारलं, गळ कोण टाकतं, मालक का?

"मालक मासा खात न्हाई," ती म्हणाली. "मी टाकतो."

नरसम्मा मराठीत स्वतःविषयी नेहमी "मी जातो, मी करतो" असंच बोलायची. सोलापुरात तेव्हा पाण्यात गळ टाकून बसणारी दुसरी बाई मी तरी पाहिली नाही. जाळी ओढणाऱ्या बायका होत्या, टोपली घेऊन विकणाऱ्या होत्या. पण एकटीनं काठी घेऊन तलावावर जायचं, तासन्‌तास बसायचं, हे बायकांचं काम मानलं जात नसे. नरसम्मानं कोणाला विचारलं नव्हतं, त्यामुळे कोणाला नको म्हणायची संधीही मिळाली नव्हती. विडी कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी ती काठी खांद्यावर टाकून तुळजापूरच्या बसनं एकरुख तलावावर जायची. तिचा नवरा राजय्या मागावर कामाला होता. तिरुपतीला जाऊन आल्यापासून त्यानं मांसमच्छी सोडली होती. पण बायकोची काठी स्टॅंडपर्यंत तोच नेऊन द्यायचा.

तिच्या काही सवयी होत्या. तलावावर पोचल्यावर आधी ती काठच्या चिखलानं हात घासघासून धुवायची. विड्यांच्या तंबाखूचा वास बोटांत मुरलेला असायचा, आणि माशाला नाक असतं, त्याला तंबाखू आवडत नाही, अशी तिची खात्री होती. मग ज्वारीच्या भाकरीचा गोळा हळद लावून मळायचा. मग बसायचं, पण गळ लगेच टाकायचा नाही. थोडा वेळ नुसतं पाण्याकडे बघायचं. मला एकदा हौस आली म्हणून मी तिच्याबरोबर गेले, तर तिनं मला अख्खी दुपार काठीला हात लावू दिला नाही. बस आणि बघ, एवढंच. मी कंटाळून एका माशाचं नाव विचारलं, तर म्हणाली, "आधी बघा, टीचरम्मा. नाव काय, पळून जात न्हाई."

मासा ओळखण्याची तिची रीत आमच्या पुस्तकांच्या उलटी होती. आम्ही पर मोजायचो, खवले बघायचो आणि नाव लिहायचो. ती आधी माशाचं वागणं बघायची. तो तळाशी चरतो की मधल्या पाण्यात, एकटा असतो की घोळक्यानं, सावली पडली की पळतो की थांबतो. माणसांच्या बाबतीतही तिची हीच पद्धत. आमचे हेडमास्तर एकदा काही कागदांवर सह्या घ्यायला चाळीत आले होते. फार गोड बोलले. ते गेल्यावर नरसम्मा म्हणाली, "शिंगटा हाय. वरून गुळगुळीत. पाठीवर हात ठेवू नका." शिंगट्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना विषारी काटे असतात. हेडमास्तरांचे काटे मला पुढं दोन वर्षांत चांगले कळले.

तलावावर ठेकेदाराचा एक राखणदार होता, दगडू नावाचा. ज्या वर्षी तो नवीन आला, त्या वर्षीची गोष्ट. मी त्या दिवशी बरोबर होते. दगडू काठी आपटत आला आणि म्हणाला, बाई, हितं गळ टाकायचा न्हाय. नरसम्मानं त्याच्याकडे न बघता सांगितलं की ती दहा वर्षं इथं बसते, आणि ठेकेदाराचे मासे जाळ्यानं जातात तेवढे तिच्या गळानं शंभर वर्षांत जाणार नाहीत. दगडू ऐकेना. तेव्हा ती म्हणाली की तिनं जर मासा पाण्याबाहेर यायच्या आधी त्याचं नाव सांगितलं, सलग पाच वेळा, तर त्यानं तिला बसू द्यावं. एकदा जरी चुकली तर ती काठी मोडून घरी जाईल.

दगडूला मजा वाटली. तो शेजारी उकिडवा बसला.

मोरपिसाचा दांडा पाण्यावर उभा होता. तो दोनदा थरथरला आणि मग पाण्यावर आडवा झाला. नरसम्मा म्हणाली, चिलापी. ओढली तर चिलापीच. दुसऱ्या वेळी दांडा एका बाजूला तिरपा सरकत गेला. शिंगटा. शिंगटाच. तिसऱ्या वेळी दांडा इतका हळू खाली गेला की मला वाटलं दोराच भिजून जड झालाय. तिनं वाम सांगितली आणि सापासारखी वळवळणारी वाम काठावर आली. चौथी पुन्हा चिलापी. पाचव्या वेळी दांडा थोडा हलला, थांबला, पुन्हा हलला, जरा पुढं गेला. नरसम्मा दांड्याकडे बघत राहिली. दगडू हसायला लागला होता. तिनं काठीला हात घातला आणि म्हणाली, "हा मासा न्हाई. खेकडा हाय."

खेकडा होता. गळातल्या भाकरीला एका नांगीनं धरून आला आणि काठावर आल्याबरोबर सोडून पळाला.

दगडू उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "लई झालं. बसा." पुढं तो स्वतःच तिच्यासाठी बाभळीखालची जागा राखून ठेवायचा आणि जाळ्यात काही वेगळं सापडलं की ओळखायला तिला हाक मारायचा.

आता मुख्य गोष्ट.

बहात्तर साल उजाडलं ते कोरडंच. त्याच्या आधीच्या वर्षीही पाऊस बेताचा झाला होता, आणि त्या वर्षी तर पेठेतल्या लोकांनी ढग बघायचं सोडून दिलं. खेड्यांतली माणसं खडी फोडायच्या कामावर गेली. आमच्या पेठेत माग थांबले. कधी सूत नाही म्हणून, कधी वीज नाही म्हणून. कानांना सवय झालेला खडखडाट बंद पडला तेव्हा सगळी चाळ आजारी पडल्यासारखी वाटू लागली. रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापता यायची नाही आणि गिळताही यायची नाही. शाळेत पोरांना सरकारी सुकडीचा कोरडा खाऊ वाटायचो, तर पोरं निम्मी खिशात घालून घरी न्यायची.

एकरुखचं पाणी आत आत सरकत गेलं. ठेकेदारानं कटला, रोहू ओढून नेले. मरळ चिखलात गेली. उरली फक्त चिलापी. ती मात्र इतकी उरली की गुडघाभर पाण्यात पाठी दिसायच्या. नरसम्मा आता सुट्टीची वाट बघत नव्हती. विडी कारखान्याचंही काम कमी झालं होतं. ती एक दिवसाआड जायची आणि डबा भरून आणायची. आणि चाळीत वाटायची.

पण चाळ ती घेईना.

ही चिलापी काही आपल्या भागातली जुनी मासळी नव्हे. कोणीतरी बाहेरून आणून सोडलेली, तेव्हा जेमतेम काही वर्षांपूर्वी तलावात दिसायला लागलेली. त्यामुळे लोकांना तिच्याबद्दल आधीच थोडा संशय. त्यात चाळीतल्या येल्लव्वानं एक दिवस नरसम्मानं दिलेली चिलापी विळीवर धरली, डोकं कापलं, आणि तोंडातून मुंगीएवढी बारीक पिलं बाहेर सांडली. वीस-पंचवीस तरी असतील. काही अजून हलत होती. येल्लव्वा किंचाळत बाहेर आली नाही. तिनं विळी धुतली, मासा उकिरड्यावर टाकला आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून सांगितलं की हा मासा आपली पिलं खातो, आणि जी आई पिलं खाते ती या चाळीत शिजणार नाही.

येल्लव्वा चाळीतली सर्वांत मोठी बाई. तिचा शब्द मोडायची कोणाची ताकद नव्हती. आणि तिच्या बोलण्याला एक वजन होतं ते वयाचं नव्हे. तिची स्वतःची चार मुलं लहानपणी गेली होती. पाचवा तेवढा जगला, त्याची बायको सरोजा त्याच महिन्यात बाळंत झालेली. सरोजाच्या अंगात रक्त नव्हतं. मूल रात्रंदिवस रडायचं, कारण त्याला दूध पुरत नव्हतं. मिलोच्या पेजेवर किती दूध येणार?

त्या संध्याकाळी चार-पाच बायका माझ्या दाराशी आल्या. मी विज्ञान शिकवणारी. त्यांनी विचारलं, टीचरम्मा, मासे आपली पिलं खातात का? मी पेपर तपासत बसले होते. मान वर करून मी म्हटलं, हो, काही मासे खातात. पुस्तकात आहे.

एवढंच बोलले मी. ते खोटंही नव्हतं. पण त्या एका वाक्यानं येल्लव्वाच्या बोलण्यावर शाळेचा शिक्का बसला. दुसऱ्या दिवशी नरसम्मानं डबा उघडला, तर घ्यायला एकही बाई पुढं आली नाही.

नरसम्मा माझ्याकडे आली. मला वाटलं भांडेल. ती उंबऱ्यात बसली आणि शांतपणे विचारलं, पुस्तकात कुठल्या माशाचं लिहिलंय? मी सांगायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की मला नाव आठवत नाही. ती म्हणाली, "पुस्तकात बरोबर असल, टीचरम्मा. पण तो मासा हा न्हाई."

मग तिनं मला सांगितलं की येल्लव्वानं उकिरड्यावर टाकलेला मासा तिनं उचलून आणला होता आणि त्याचं पोट चिरून बघितलं होतं. पोट रिकामं होतं. पिलंच काय, कशाचाच कण नव्हता त्यात. ज्याला पिलं खायची आहेत तो तोंडात कशाला ठेवील? गिळील की. आणखी एक गोष्ट तिनं चिलापी तलावात आल्यापासून पाहिली होती. उथळ पाण्यात ताटाएवढे गोल खड्डे असतात. काळा, पांढऱ्या गळ्याचा नर ते करतो आणि राखतो. मादी करडी, बाजूला तीन-चार काळे ठिपके. त्या माद्यांपैकी काहींचा गळा गालगुंड झाल्यासारखा फुगलेला असतो. अशी फुगल्या गळ्याची मादी कधीही तिच्या गळाला लागली नव्हती; येल्लव्वाला मिळालेली तीही दगडूनं जाळ्यातून काढून तिच्या डब्यात टाकलेली होती. भाकरी नाकासमोर धरली तरी तोंड उघडायची नाही. इतके दिवस याचं कारण तिला कळलं नव्हतं. आता कळलं होतं. तोंडात लेकरं घेऊन ती उपाशी राहते.

मी तिच्याकडे बघत राहिले. मी विज्ञानाची पदवीधर, आणि माझ्यापुढं विड्या वळणारी एक बाई पुरावा मांडत होती. एकेक करून, घाई न करता. मला माझ्या त्या वाक्याची लाज वाटली. मी म्हटलं, चला, सगळ्यांना सांगू. ती म्हणाली, सांगून येल्लव्वा ऐकणार नाही. तिनं डोळ्यांनी बघितलंय, तिला डोळ्यांनीच दाखवायला पाहिजे.

अडचण अशी होती की हा एकच मासा गळानं धरता येत नव्हता. आयुष्यभर काठीशिवाय पाण्याला हात न लावणारी नरसम्मा दुसऱ्या दिवशी आपलं जुनं विरविरीत लुगडं घेऊन निघाली. माझी शाळा सकाळची होती. दुपारी आम्ही दोघी तलावात उतरलो, लुगड्याची दोन टोकं धरून. चिखलात पाय पोटरीपर्यंत जात होते. दगडू काठावर उभा राहून कुठं कुठं खड्डे आहेत ते सांगत होता. तासाभरानं एक फुगल्या गळ्याची मादी लुगड्यात आली. नरसम्मानं लुगडं उचललं मात्र, मादीनं तोंड उघडलं आणि सगळी पिलं बाहेर टाकली. पिलं कापडातून निसटून पाण्यात गेली. आम्ही तशीच मादी डब्यात घालून चाळीत नेली. रिकाम्या तोंडाची मादी बघून येल्लव्वा म्हणाली, वाटेत खाऊन टाकली. आणि आत निघून गेली.

त्या रात्री सरोजाचं बाळ रडत होतं ते भिंतीतून मला ऐकू येत होतं.

सकाळी नरसम्मा माझ्या आधी तयार होती. तिनं रात्रभर विचार केला असावा. म्हणाली, चूक आपली. तिला हवेत उचललं म्हणून ती घाबरली. आज उचलायचीच नाही. शाळा सुटल्यावर आम्ही झाकणाचा मोठा डबाच पाण्यात बुडवला, तोंड आडवं करून, आणि लुगड्यानं फक्त वाट अडवत अडवत एका मादीला त्यात जाऊ दिलं. ती आपणहून गेली. डबा पाण्यातल्या पाण्यात उभा केला, झाकण सैल ठेवलं आणि वर ओलं पोतं गुंडाळलं.

बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, डब्यात काय आहे? नरसम्मा म्हणाली, "बाळंतीण हाय. हळू चालवायला सांगा." कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं आम्हाला पुढचं बाक दिलं.

अंगणात पत्र्याचं मोठं टप ठेवलं होतं. तलावाचं पाणी हळूहळू त्यात ओतलं, मादी त्यात सोडली आणि नरसम्मानं वर पोतं टाकून सगळ्यांना लांब बसवलं. कोणी बोलायचं नाही, कोणी उठायचं नाही. माग बंद होते म्हणून ते जमलं. नाहीतर त्या अंगणात शांतता कुठली? अर्धा तास तरी गेला असेल. मग तिनं पोत्याचं एक टोक उचललं आणि येल्लव्वाला हातानं खूण केली. येल्लव्वा आली. तिच्या मागोमाग बाकीच्या. मी बाजूला उभी होते, मला टपाच्या कडेवरून तेवढं दिसत होतं.

मादी टपाच्या मधोमध स्थिर होती आणि तिच्या तोंडाभोवती पिलांचा एक करडा ढग तरंगत होता. नरसम्मानं पाण्यावर हाताची सावली धरली. ढग एकदम आवळला गेला, मादीनं तोंड उघडलं आणि बघता बघता सगळी पिलं आत गेली. एकही बाहेर राहिलं नाही. बायकांच्या तोंडून एक आवाज निघाला. येल्लव्वा म्हणाली, खाल्ली.

नरसम्मानं हात काढून घेतला आणि थांबली. आम्ही सगळ्या थांबलो. पुस्तकात काहीही असो, मी हे कधी पाहिलं नव्हतं. मग मादीनं ओठ थोडे पुढं केले, आणि एकेक करून पिलं बाहेर आली. आधी दोन, मग पाच-सहा, मग सगळा ढग. जशी आत गेली होती तशीच, अंगावर ओरखडा नाही.

नरसम्मानं पुन्हा सावली धरली. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. तीन वेळा तिनं तसं केलं, आणि तिसऱ्या वेळी म्हणाली की आता बास, तिला त्रास देऊ नका.

येल्लव्वा टपाजवळ खाली बसली होती. मग तेलुगूत हळूच काहीतरी म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मी नरसम्माला विचारलं, काय म्हणाली?

"म्हणते, मला देवानं असं तोंड दिलं असतं तर माझी चारी राहिली असती."

त्या संध्याकाळी नरसम्मानं दुसऱ्या चिलापी चिंचेच्या कोळात शिजवल्या, लाल तिखट घालून. पहिली वाटी येल्लव्वानं स्वतः सरोजाला नेऊन दिली आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहिली. नंतर सगळ्या खोल्यांतून वाट्या आल्या. पुढं पाऊस पडेपर्यंत आमची चाळ, आणि मग शेजारच्या दोन चाळी, चिलापीवर जगल्या असं म्हटलं तरी चालेल. सरोजाचं बाळ वाचलं. ते माशामुळेच वाचलं असं मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून म्हणणार नाही. नरसम्माही कधी म्हणाली नाही. येल्लव्वा मात्र म्हणायची.

ती टपातली मादी दुसऱ्याच दिवशी डब्यातून तलावात परत गेली. नरसम्मानं दगडूला बजावून ठेवलं की फुगल्या गळ्याची मादी जाळ्यात आली तर तिथल्या तिथं सोडायची. तो ठेकेदाराचा माणूस, पण यात तो तिचंच ऐकायचा. आणि मी माझ्या वर्गात जाऊन मुलांना सांगितलं की मी शेजाऱ्यांना एक अर्धवट उत्तर दिलं होतं, आणि ते कोणी कसं दुरुस्त केलं. मुलांना सगळ्यांत आवडला तो बसमधला कंडक्टर.

शहात्तर साली माझी कुर्डुवाडीला बदली झाली. चाळ सोडताना नरसम्मानं मला मोरपिसाचे दोन दांडे दिले. मी गळ टाकणार नाही हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यानंतर भेटी कमी झाल्या. सोलापूरला गेले की जायची मी तिच्याकडे. तिची नजर मंदावत चालली होती. विड्यांचं काम बोटांच्या अंदाजानं चालायचं, पण पाण्यावरचा दांडा तिला दिसेनासा झाला होता. मग तिनं दांडाच काढून टाकला. दोरा उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून घ्यायचा आणि बोटाला जे कळेल त्यावरून ओळखायचं. हे सांगताना तिला दुःख झाल्याचं काही दिसलं नाही. आधीच असं करायला पाहिजे होतं, म्हणाली. डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा उजनी धरणात पाणी साठायला लागलं होतं. नदीकाठची शेतं, रस्ते पाण्याखाली जात होते आणि आमच्या बाजूला जिथं कुसळं उगवायची तिथं समुद्रासारखं पाणी पसरलं होतं. मी नरसम्माला पत्र पाठवलं की एवढं पाणी तू आयुष्यात पाहिलं नसशील, ये. ती सकाळच्या गाडीनं आली, काठी आणि तो झाकणाचा डबा घेऊन. आम्ही एसटीनं करमाळ्याच्या बाजूच्या एका गावाला गेलो. गावातला डांबरी रस्ता सरळ पाण्यात उतरत होता आणि पुढं दिसत नव्हता. तिथं पाच-सहा शेतकरी नवीन जाळी घेऊन बसले होते. जमीन पाण्याखाली गेलेली माणसं. आता मासे धरायला शिकत होती. आलेल्या माशांची नावं त्यांना धड माहीत नव्हती. त्यातल्या एकानं सहज विचारलं आणि नरसम्मानं सांगितलं, ही मरळ, हा शिंगटा, याला असा धरायचा. मग सगळेच एकेक मासा तिच्या हातात देऊ लागले. ती डोळे किलकिले करून, खरं म्हणजे बोटांनीच, पाठीवरून, गालावरून हात फिरवून नाव सांगायची. दोन तास असे गेले. ती रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली होती आणि जन्मभर तिथंच राहत असल्यासारखी बोलत होती.

शेवटी एका म्हाताऱ्यानं वीतभर लांबीचा एक मासा आणून दिला. नरसम्मानं तो हातात घेतला. पाठ चाचपली, पोट चाचपलं, शेपूट उलगडून बघितली. पुन्हा डोक्यापासून सुरुवात केली. शेतकरी वाट बघत होते. मीही.

"हा मला माहीत न्हाई," ती म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याआधी एकदाही पाहिला नव्हता.

तिनं म्हाताऱ्याकडून तो मासा मागून घेतला, जिवंत. डबा पाण्यानं भरला, मासा आत सोडला. कुर्डुवाडीला परत येताना एसटीत तिनं मला सांगितलं की सोलापूरला नेऊन टपात ठेवते, काय खातो, कुठं बसतो, केव्हा जागा असतो ते बघते. मी म्हटलं, बाजारात नाव विचारलं तर कोणीतरी सांगेल. तिनं डब्याचं झाकण जरा सैल केलं.

संध्याकाळची सोलापूर पॅसेंजर लागलेली होती. तिला खिडकीची जागा मिळाली. डबा मांडीवर, झाकण काढलेलं. पाण्यात हवा राहावी म्हणून तिनं उजवा हात मनगटापर्यंत आत घातला होता आणि पाणी हळूहळू ढवळत होती. गाडी सुटली तेव्हा मी हात हलवला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिची मान डब्यावर वाकलेली होती, ओठ हलत होते आणि हात पाण्यात गोल गोल फिरत होता. प्लॅटफॉर्म संपून गाडी वळेपर्यंत मला ती तशीच दिसत राहिली.